त्रिघाती समीकरणाने फोडलेलं कपाळ

समस्त सज्जनांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, त्रिघाती समीकरणाने माणसाचं कपाळ फोडलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

काल भाची संगणकावर बिंदू टाकत होती आणि त्यांतून एक गुळगुळीत रेषा आपोआप वळत होती. "मामा, दर दोन बिंदूंमध्ये एक त्रिघाती समीकरण असतं," ती म्हणाली, आणि मला एकदम लाकडाचा वास आला.

काचीगुड्यात रस्त्यांचे नकाशे काढणारं आमचं ऑफिस होतं. तिथे हीच रेषा लवचिक लाकडी पट्टीने निघायची. पट्टी वाकवून बिंदूंपाशी शिशाच्या वजनांनी दाबून ठेवायची. एकदा कालव्याकाठच्या वळणावर एक बिंदू भलतीकडे पडला.

"साहेब, मोजणी चुकलीय. असा रस्ता बांधला तर बस कालव्यात जाईल," आमचे ड्राफ्ट्समन आबाकाका म्हणाले.

"मैंच मापा हूँ उसकू! कैसे नै झुकती, देखतूं!" म्हणत साहेबांनी पट्टी स्वतःच रेटली.

काडकन आवाज झाला. एक तुकडा चाबकासारखा आबाकाकांच्या कपाळावर बसला, एका वजनाने खिडकीची काच फोडली आणि नकाशावर रक्त टपटपलं. आज कळतं, ती पट्टी अंग वाकवून तेच गणित सोडवत होती, आणि खोट्या बिंदूला तिने जीव देऊन नकार दिला.

साहेब घाबरून रुमालाने रक्त पुसायला धावले, तसे आबाकाका गरजले, "रक्त राहू द्या हो, आधी तो बिंदू पुसा!"