सगळ्यांत शेवटी समीक्षाला

इंद्रजितची गाडी दरीत गेल्याचं गावाला शनिवारी सकाळी नऊ वाजता कळलं. त्याच्या बायकोला, समीक्षाला, ते कळायला दुपारचे साडेचार वाजले. मधले साडेसात तास तिनं पाव केले.

कोरेगावच्या अलीकडचं हे गाव. घरटी एक माणूस फौजेत, काही घरांत दोन-दोन. अशा गावानं एक रीत पाडून घेतली आहे. वाईट बातमी आली की ती आधी पुरुषांत फिरते, मग शेजारणींत, आणि जिच्या संसारावर ती कोसळलेली असते तिच्यापर्यंत सगळ्यांत शेवटी पोचते. तोवर तिच्या घरातला टीव्ही बंद पाडायचा, फोन काढून घ्यायचा, पोरं शेजारी न्यायची आणि तिला कामात गुंतवून ठेवायचं. याला तिथं काळजी म्हणतात. ही काळजी कुणी शोधून काढली कोण जाणे, पण ज्यानं काढली तो बाई नव्हता एवढं नक्की.

समीक्षा तासगावची. माहेरी द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड, स्वतः बी.कॉम. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यातली नवरा घरात असलेली वर्षं मोजली तर तीनही भरणार नाहीत. नऊ वर्षांची सृष्टी आणि पाच वर्षांचा साईराज यांना वाढवता वाढवता तिला केकचा नाद लागला. ओव्हन घेतला, गल्लीतले वाढदिवस पदरात पडले, मग आजूबाजूच्या गावांतले. यंदा जानेवारीत तिनं कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. त्यावर तीन गोष्टी: स्कूटी शिकणे, सांगलीच्या क्लासची बेकरीची परीक्षा, स्वतःच्या नावाची पाटी. स्कूटी होळीआधी जमली. परीक्षा उद्या, रविवारी होती. घरून दुधाचा पाव, बेदाण्याचा केक आणि नानकटाई करून न्यायची आणि तिथं परीक्षकांसमोर एक पदार्थ करून दाखवायचा.

घरात हे कुणाला फारसं रुचलं नव्हतं. सासूबाई, रंगूबाई, उघड बोलायच्या. "पाव धा रुपयाला इकत मिळतोय की. त्याला सांगलीला जाऊन परीक्षा कसली द्यायची?" सासरे लालासाहेब फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते काहीच बोलायचे नाहीत, आणि ते जास्त लागायचं. त्यामुळे त्या शनिवारी घरात जे जे विपरीत घडलं, त्याचा अर्थ समीक्षानं एकच लावला. उद्या आपण सांगलीला जाऊ नये म्हणून हे सगळे एक झालेत.

सकाळी नऊला ओट्यावरचा फोन वाजला तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते. तिनंच हाक मारली.

"आबा, बघा हो कुणाचा आहे. माझे हात भरलेत."

लालासाहेबांनी फोन उचलला, एक शब्द ऐकला आणि अंगणातून थेट फाटकाबाहेर गेले. दहा मिनिटांनी परत आले.

"कुणाचा होता?"

"कंपनीचा. शिमकार्डाचं कायतरी इचारत व्हता." फोन त्यांनी ओट्यावर ठेवला नाही, सदऱ्याच्या खिशात घातला. "ह्याची ब्याटरी फुगलीया. कोरेगावला दावून आणतो."

"आत्ता? माझ्या ऑर्डरी येतात त्याच्यावर."

"आत्ताच फुगलीया तर आत्ताच न्यायला पायजे की."

पण ते कोरेगावला गेले नाहीत. त्यांनी दाढी केली. सोमवारशिवाय कधी वस्तरा न लावणारा माणूस शनिवारी दाढी करून, पायांत बूट घालून पडवीत खुर्ची टाकून बसला. फाटकाबाहेर एक-दोघे येत, ते उठून जात, हळू बोलत आणि पुन्हा येऊन बसत.

अकरा वाजता शेजारच्या शालूबाई आल्या. पोरांना शाळेतून परस्पर आपल्या घरी नेल्याचं सांगितलं. "खेळत्यात निवांत. जेवूनच येतील." त्यांच्यामागून आणखी दोघी आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. चहा नको म्हणाल्या. शालूबाईंनी चहाला नाही म्हटल्याचं समीक्षानं बारा वर्षांत ऐकलं नव्हतं.

या शालूबाईंना समीक्षाच्या केकात कायम काहीतरी खुपायचं. गोड जास्त, नाहीतर अंड्याचा वास, नाहीतर नुसतीच हवा. आज त्या पुढ्यातल्या केकच्या ताटलीकडे बघत म्हणाल्या, "लय झ्याक वास सुटलाय गं," आणि पदरानं डोळे पुसले.

"काकू, केकात कांदा घालत नाहीत," समीक्षा म्हणाली.

कुणी हसलं नाही.

रंगूबाईंना मात्र बसायला बाया मिळाल्याचा आनंद झाला होता. त्यांनाही कुणी काही सांगितलेलं नव्हतं. पोटचा मुलगा असला तरी रीत तीच. त्या आपल्या नेहमीच्या सुरात सुरू झाल्या. "बगा, उद्या पाटंच्या एष्टीनं निगाली ही. दोन लेकरं कुणी सांबाळायची? म्या म्हातारीनं? इंद्रजितचा फोन येऊ दे, त्यालाच सांगती. बायकूला जरा समजाव म्हणावं."

तिघी बायका फरशीकडे बघत राहिल्या. एकीनं नखानं फरशीच्या फटीतली माती उकरायला घेतली. समीक्षाला वाटलं, या सासूच्या बाजूनं बसल्यात. तिनं ओव्हनचं दार जरा जोरातच लावलं.

एक वाजता वीज गेली. पाव आत जाऊन अठरा मिनिटं झाली होती, वर नुकताच रंग धरू लागला होता. गावातल्या पोरांना कुणीतरी सांगितलं होतं की गल्लीतली केबल बंद करा, बातम्या लागायला नकोत. पोरांना नेमकी वायर सापडेना, म्हणून त्यांनी डीपीचा फ्यूजच काढून ठेवला. सगळी गल्ली बंद. समीक्षानं दार उघडून पावाला बोट लावलं तर तो बोटाबरोबर आत गेला. दुसऱ्या घाण्याचं पीठ परातीत फुगत होतं, त्याला थांब म्हणून सांगता येत नाही.

ती पडवीत आली. "आबा, वायरमनला फोन लावा."

"लावलाय. येतोय त्यो."

"खरं सांगा, मी उद्या जाऊ नये म्हणून चाललंय ना हे? फोन काढून घेतला, पोरं नेली, आता लाईट."

लालासाहेब बुटांच्या टोकाकडे बघत राहिले. "जा की बाळ. कुणी आडवलंय तुला?"

बारा वर्षांत त्यांनी तिला 'सूनबाई'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती. काहीतरी चुकीचं आहे हे तिला तेव्हाच जाणवलं असणार. पण परातीतलं पीठ वर आलं होतं, आणि माणूस हातातलं काम आधी बघतो. ती आत गेली. पीठ दाबून पुन्हा मळलं, पुन्हा फुगलं, पुन्हा दाबलं. चारच्या सुमारास ते आंबूस होऊन परातीत बसलं ते बसलंच. तिनं हात धुतले आणि वायरमनला स्वतः गाठायचं ठरवून मागच्या दारानं बाहेर पडली. शालूबाई मागून म्हणाल्या, "आगं, कुठं निगालीस? बस की जरा." तिनं वळून पाहिलं नाही.

चावडीसमोर दहा-बाराजण बसले होते. ती येताना दिसली तसं बोलणं तुटलं. आणि मग ते सगळे एकेक करून उभे राहिले. म्हातारेसुद्धा.

या गावात सुनेसाठी पुरुष उभे राहत नाहीत. समीक्षानं त्यांना असं उभं राहताना एकदाच पाहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी, मायासाठी. मायाचा नवरा धम्मपाल सीमेवर मारला गेला तेव्हा मायाला दीड दिवस काही सांगितलं नव्हतं. त्या दीड दिवसातली एक अख्खी दुपार मायाजवळ बसायचं काम गावानं समीक्षाकडे दिलं होतं. तिनं ते चोख केलं होतं. मायाला नानकटाई शिकवत बसली होती. तूप आणि साखर पांढरी होईपर्यंत फेटायची, हात थांबवायचा नाही. माया हसत होती, आणि समीक्षा तिला हसू देत होती.

तिचे पाय वायरमनच्या घराकडे गेले नाहीत. खरं सांगेल असं गावात एकच माणूस होतं. ती मायाच्या दारात जाऊन उभी राहिली. माया पायमशिनीवर शाळेचे गणवेश शिवत होती. तिनं पाय थांबवले, पण उठली नाही.

"माया, काय झालंय?"

"मला न्हाई कुणी सांगितलं तुला सांगायला."

"म्हणून तर तुझ्याकडं आले."

मायानं सुईखालचं कापड सोडवलं, घडी केली, बाजूला ठेवलं. "त्यांची गाडी दरीत गेली. काल राती. डोक्याला लागलंय आन् पोटात लागलंय. सकाळच्याला तरी जित्ते व्हते. तिकडंच मोठ्या दवाखान्यात हायती. तुझा फोन तुझ्या सासऱ्याच्या खिशात हाय."

समीक्षानं चौकट धरली.

"मी आपणहून आले असते," माया म्हणाली. "धा येळा उठले. पर मला बगून तू काय समजली असतीस? आन् येक सांगू का, ताई. तू माझ्याकडं बसलीवतीस त्या दिवशी, ते मला अजून गिळवत न्हाई. आता हितं उबी राहू नगो. जा."

समीक्षा घरी आली ती पळत नव्हे, भरभर चालत. चावडीवरचे पुन्हा उभे राहिले. पडवीत येऊन तिनं सासऱ्यांपुढे हात पसरला.

"फोन."

लालासाहेबांनी तो खिशातून काढून दिला. तो बंद केलेला होता.

"सकाळनंतर आणखी फोन आला होता?"

"आलावता. साडेअकराला." ते उभे राहिले, उगाच, कवायतीत राहतात तसे. "सायबांनी लावून दिला. इंद्रजित शुद्धीवर आलावता. आप्रेशन तीनला हाय म्हनले, त्याच्या आधी घरी बोलायचंय म्हनला."

"कुणाशी?"

"तुज्याशी."

"मी दहा फुटांवर होते, आबा. पाव करत होते."

"तुला धक्का बसला असता. तू रडली असतीस, आन् त्यानं ऐकलं असतं. मी म्हनलं, सूनबाई रानात गेलीया, रेंज न्हाई तिथं."

"मग तो काय म्हणाला?"

"बरं, म्हनला."

"अजून?"

"अजून काय न्हाई. बरं, म्हनला."

लालासाहेबांना दुष्ट ठरवून मोकळं होता येत नाही, हीच तर अडचण. सकाळपासून तो म्हातारा घरात एकटाच ही बातमी खिशात घेऊन बसला होता. पण एकट्यानं ओझं वाहिलं म्हणून ते त्याच्या मालकीचं होत नाही. नवरा तिला बोलवत होता आणि ती रानात होती. आता त्या माणसाच्या डोक्यात ती रानातच राहणार होती, आणि किती वेळ, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

तिनं फोन सुरू केला, आलेल्या नंबरावर लावला. पलीकडच्या जवानानं सांगितलं, ऑपरेशन चालू आहे, पेशंटला बाहेर आणल्यावर लगेच कळवतो, तुम्ही निघायची तयारी ठेवा. तिनं नाव विचारून घेतलं, वॉर्ड विचारला, केकच्या खोक्याच्या पाठीवर लिहून ठेवला. मग सासूबाईंना जवळ घेऊन बसवलं आणि एका वाक्यात सांगितलं. रंगूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त "कवा?" विचारलं, आणि काल रात्री म्हटल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. मघाच्या बायकांनी त्यांचे दोन्ही हात धरले.

सहा वाजता शालूबाईंनी पोरं आणून सोडली. वीज आली होती. साईराज थेट ओव्हनपाशी गेला. "आई, पाव असा का झाला?"

सृष्टी दारातच थांबली. नऊ वर्षांच्या पोरीला खोलीतली माणसं वाचता येतात. "आजी का रडती?"

लालासाहेब घाईनं पुढे झाले. "आजीचं डोकं दुखतंय गं. आन् पप्पा डूटीवर हायती, आजच फोन आलावता. चला, आपण दुकानात जाऊ, काय पायजे ते घेतो."

साईराजनं लगेच त्यांचं बोट धरलं. समीक्षानं ते पाहिलं. खरं सांगायचं तर तिच्याही तोंडाशी तेच आलं होतं. जाऊ देत दुकानात. उद्याचं उद्या बघू. इतकं सोपं होतं ते. शिवाय पोरं आज रात्री शांत झोपली असती.

"बोट सोड आजोबांचं," ती म्हणाली. "दोघं इकडं या."

"पोरास्नी कशापायी?" लालासाहेब म्हणाले.

"त्यांचा बाप आहे, आबा."

तिनं दोघांना ओट्याला टेकवून उभं केलं आणि सांगितलं. गाडी पडली. पप्पांना खूप लागलंय. डॉक्टर आत्ता त्यांचं ऑपरेशन करतायत. मी पहाटे त्यांच्याकडे जाणार आहे.

सृष्टीनं ओठ दाबून धरले. साईराजनं विचारलं, "मरणार का पप्पा?"

"माहीत नाही," समीक्षा म्हणाली. "मलाही अजून माहीत नाही."

"मग कळलं की सांगशील?"

"सांगेन."

"लगेच?"

"लगेच."

मग कुणालाच काही काम उरलं नाही. समीक्षानं बॅग भरली, त्यात काय घातलं ते तिला नंतर आठवलं नाही. शालूबाई भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या. समीक्षानं भांडं बघितलं आणि परत पाठवलं. तसलं जेवण दुखवट्याच्या घरी आणतात, आणि तिच्या घरात अजून दुखवटा नव्हता. तिनं पोरांना दुधात कुस्करून मघाचाच अर्धा भाजलेला पाव दिला. साईराज जेवता जेवता पेंगला, तिनं त्याला मांडीवर घेतलं.

साडेसातला फोन वाजला. तोच नंबर.

लालासाहेबांचा हात सवयीनं पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला. रंगूबाईंनी डोळे मिटून घेतले. समीक्षानं फोन उचलून हातात धरला, पण हिरवं बटण दाबलं नाही. आधी तिनं साईराजला हलवून जागं केलं, सृष्टीला हाक मारून जवळ बसवलं, सासऱ्यांना खुणेनं खाली बसायला सांगितलं. मग स्पीकर लावला.

"हॅलो," ती म्हणाली. "मी घरातच आहे. बोला."

पलीकडच्या माणसानं आधी घसा साफ केला.