विटेचा भुगा

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाला हसला की मला वाटायचं, आज पाणी जास्त घातलेलं दिसतं.

साठ सालानंतरची गोष्ट. बोरिंग खणणाऱ्या सरकारी पथकात सिमेंटचं गोदाम माझ्याकडे होतं. काम अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात. तिथं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही. माझी थोरली बहीण त्याच पट्ट्यात दिलेली. दोन कोसांवरच्या गावात गोड्या पाण्याचं बोरिंग होतं, तिथून रोज पाण्याचे गुंड, म्हणजे पितळी घागरी, डोक्यावर आणायची. तिच्या गावाला बोरिंग मंजूर झालं, तेव्हा मी छाती काढून म्हटलं, "बाई, आता तुहे गुंड उतरले समज!"

वरचं पाणी खारं. फार खोल गेलं की गोडं, अन् तेही चांगलं कोमट. खारं पाणी खाली झिरपू नये म्हणून लोखंडी पाइपाच्या भोवतालच्या फटीत सिमेंटचा रबडा भरायचा, बारीक नळीनं, तळापासून वर. हे काम एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे होतं. त्याचा जन्म चुन्यात विहिरी बांधण्यात गेलेला. बोलायचा कमी, आणि कमी बोलणाऱ्याचा मला आधीच संशय.

एका दुपारी तो सिमेंटात लाल भुकटी कालवताना दिसला. भाजलेल्या विटेचा भुगा! सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. मी मनात हिशेब जुळवून टाकला: विटा माझ्या बहिणीच्या बोरिंगात, अन् सिमेंट याच्या घरात. हरामखोर! तो कामावर असताना मी त्याची झोपडी धुंडाळली. चिमूटभर सिमेंट सापडलं नाही. म्हटलं, गडी पक्का दिसतो.

साहेबांकडे तक्रार केली. मिस्त्री एवढंच म्हणाला, "तुमची मर्जी." गबाळं उचलून आपल्या गावी निघून गेला. मग मी स्वतः उभा राहून निव्वळ सिमेंट भरून घेतलं.

पाणी गोडं लागलं. बहिणीनं मला ओवाळलं. दीडेक वर्षानं तिचा निरोप आला, पाणी खारं झालं. सांगायला लाज वाटते, पण माझा पहिला संशय पुन्हा मिस्त्रीवरच. डूख धरून यानंच काहीतरी ओतलं असणार! तणतणत त्याचं गाव गाठलं.

"खरं सांग, काय केलं तू?"

त्यानं मला गावच्या हापशावर नेलं. "प्या."

ओंजळभर प्यायलो. कोमट, गोडं.

"हे म्याच भरलं हाय, भुगा घालून," तो म्हणाला. "खारं पानी नुसत्या सिमिटाले खाऊन टाकते. त्यात खालचं गरम. भुगा असला म्हंजे दम धरते."

"मंग तवा काहून नाही सांगितलं?"

"इचारलं कोनं? तुमी त माही झोपडी धुंडून राहिले होते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. हापशाला धरून उभा राहिलो. मागं बायांची रांग लागली होती. पहिल्याच बाईनं गुंड खाली ठेवला. माझी बहीण. ती पूर्वीपासून पाणी न्यायची ते हेच बोरिंग. कोणी भरलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "सरक भाऊ बाजूले. मले दोन कोस वापस जा लागते."