सगळा गाव एका सतरंजीवर

"आमच्या गावात सिनेमाची गाडी यायची," वकील साहेब माईकवर बोलून राह्यल्ते. "चावडीपुढं पडदा लागायचा आणि सगळा गाव एका सतरंजीवर बसायचा. ना जात, ना पात. सिनेमानं आम्हाला एक केलं."

टाळ्या पडल्या. माझ्याबी. खोटं कशाला सांगू? सिनेमा महोत्सवाचा पहिला दिवस होता, जालन्यातली टॉकीज गच्च भरल्ती, सगळ्यांचे हात वाजले तसे माझेबी वाजले. दोन-तीन टाळ्या झाल्यावर माझं मलाच कळलं, की आपण कशाला टाळ्या वाजवून राह्यलो. लाज वाटली. हात मांडीखाली दाबून बसले.

कारण तो गाव माझाबी हाय. परतूर तालुक्यातला. आन् त्या सतरंजीवर मी एकदाच उभी राह्यले, तेबी अर्धा मिनिट.

पडदा म्हंजे दोन बांबूंना ताणलेलं पांढरं कापड. त्याच्यापुढं सतरंजी, सतरंजीच्या मागं खुर्च्या आन् खाटा. आमची वस्ती पडद्याच्या पाठीमागं, मातीवर. कोणाला हाकलायला लागायचं न्हाई. आमची माणसं आपल्या पायानंच तिकडं जायची, हे जास्त वाईट. पाठीमागूनबी सिनेमा दिसतो, पण सगळा उलटा. अक्षरं उलटी, माणसं डावखुरी. मला काय माहीत? मला वाटायचं, सिनेमातली माणसं डाव्याच हातानं जेवतात, डाव्याच हातानं लिहितात. मोठ्या लोकांची रीतच तसली असंल.

चौथीत असताना शाळेत मी हे बोलले. पोरी हसून हसून लोळल्या. "अगं ए येडे, उजव्या हातानं!" मी हट्टाला पेटले. आईशप्पथ डाव्याच! पुढच्या टायमाला गाडी आल्ती तवा मी आईचा हात सोडवला, पडद्याला वळसा घातला आन् पुढं जाऊन उभी राह्यले. पडद्यावर एक माणूस भाकर खात होता. उजव्या हातानं. बिलकुल उजव्या! मी खोटी पडल्ते, पण मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. तो आपल्यासारखाच जेवत होता की.

"ए पोरी," खुर्चीवरून एक पोरगा ओरडला. "तुमची बाजू तिकडं हाय."

माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, मोठ्या घरचा. माझ्या पायाखाली सतरंजी होती, मी बघितलंबी नव्हतं. सगळे माझ्याकडं बघाय लागले. मी उतरले. मंग दोन बाप्यांनी बसलेल्या लोकांना उठवलं, सतरंजीची टोकं धरली आन् झटकली. दोनदा. मला कोणी हात लावला न्हाई. लावणार कसे?

आईनं मागं नेऊन थोबाडलं. "मराया गेल्तीस का तिकडं?" म्हणाली, आन् सोताच रडाय लागली. मला राग आईचा आला. त्या पोराचा आला न्हाई. राग कोणाचा करायचा हे कळायला पुढं लई वर्षं गेली.

तो पोरगा म्हंजे हे वकील साहेब. महोत्सवाचे सचिव.

मी आता जालन्यात दवाखान्यात सिस्टर हाय. दरसाल महोत्सवाच्या चार दिवसांची रजा टाकते. माझ्याच वॉर्डातली सिस्टर शमीम आपा मस्तगड मोहल्ल्यातून येते, दोघी शेजारी शेजारी बसतो. कुठल्या कुठल्या देशाची माणसं! भाषा कळत न्हाई, खालची इंग्रजी पट्टी वाचेपर्यंत पुढचं पळून जातं. तरी एखादी म्हातारी नुसती खिडकीत बसलेली दिसली की मी पट्टी सोडून तिच्याकडंच बघत राहते. वर्षभर सलाईन लावणाऱ्या हाताला हे चार दिवस पुरतात. त्या साली मातर डोक्यात काही शिरंना. कारण दुसऱ्या दिवशी स्मरणिका वाटली, आन् पहिल्याच पानावर तेच वाक्य. सगळा गाव एका सतरंजीवर. बोललेलं हवेत जातं, छापलेलं राहतं. उद्या माझी पोरगी मोठी होऊन वाचंल आन् विचारंल, "आई, तूबी बसायचीस का?" तिला काय सांगू? आन् तिनं विचारलंच न्हाई, तसंच खरं मानलं, तर?

शेवटच्या दिवशी मध्यंतरात साहेब आमच्यापाशी आले.

"सिस्टर, तुम्ही आमच्या गावच्या ना? समारोपात प्रेक्षकांतर्फे दोन शब्द बोला. गावच्या सिनेमाच्या गमती सांगा. लोकांना आवडतं."

गमती! मी म्हणले, "बोलते."

आपानं माझी बाही ओढली. "जाने दे ना बाई, क्यूं मुं लगती? अगले साल घुसने नहीं देंगे." भीती मलाबी तीच होती. असला सिनेमा बघायला जालन्यात दुसरी जागा न्हाई.

स्टेजवर जाऊन माईक हातात घेतला. मी म्हणले, "साहेब म्हणतात सगळा गाव सतरंजीवर बसायचा. मी त्याच गावची. आम्ही पडद्याच्या पाठीमागं बसायचो. मी एकदा पुढं आले, तर लोकांनी सतरंजी झटकली. मला 'तुमची बाजू तिकडं हाय' म्हणणारा पोरगा आज सचिव हाय."

साहेब हसत उठले. हसणं काही डोळ्यांपर्यंत गेलं न्हाई.

"सिस्टर, लहान होतो आपण. जुनं कशाला उकरायचं? इतक्या छान कार्यक्रमाला गालबोट लागतं."

"गालबोट न्हाई साहेब. चेहराच तसला हाय."

"बसा आता."

"ते वाक्य काढा."

"छापून झालंय, बाई."

"मंग पुढच्या साली दुरुस्ती छापा."

माईक बंद झाला. कोणी केला माहीत न्हाई. पण वॉर्डात मी माईक लावून बोलत न्हाई, चाळीस खाटांना आवाज पुरवायची सवय हाय मला. सगळं पुन्हा पहिल्यापासून बोलले. शेवटच्या रांगेतला माणूस मान वर करून ऐकत होता.

बाहेर दोघं-तिघं भेटले. छान बोललात, पण जागा चुकली, म्हणाले. मी विचारलं, बराबर जागा कोणती ते सांगा, तिथं येते. आपानं माझा हात धरला, तो रस्ता ओलांडेपर्यंत सोडला न्हाई.

पुढच्या साली पासाला गेले तर टेबलावरचा म्हणाला, संपले. माझ्या मागच्याला मातर दिला. मी म्हणले, "मंग मी इथंच उभी राहते." दीड तास उभी राह्यले. आपाबी. शेवटी दोन पास निघाले.

दुरुस्ती छापली नव्हती. साहेब भाषणाला उठले, गावाचं नाव काढलं, पहिल्या रांगेत मी दिसले, आन् पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. एकदम दुसऱ्याच विषयावर गेले. आपा कानात म्हणाली, "जीत गई तू."

कसली जीत? गिळलेलं मला चालणार न्हाई. जे झालं ते त्यांनी बोलावं. त्यांच्या तोंडानं, त्याच माईकवर, भरल्या टॉकीजमध्ये. तोवर मी दरसाल येणार. सिनेमा पोटभर बघणार, दिवे लागले की उठणार आन् विचारणार. ते सचिव राहोत न राहोत. मी विचारणार.