ब्लोअरची मोटर माझ्या टेबलावर होती

सुगत स्वतःच्या चुकीने मेला, हे खोटं आहे.

आणि ते खोटं आहे, हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे.

आज त्याचा स्मृतिदिन. दरवर्षी मी त्याचा तोच हसरा फोटो टाकतो. तुम्ही खाली हात जोडता. यंदा जरा थांबा, आधी वाचा.

सुगत आणि मी कॅम्प-1 वस्तीतले. बारावीनंतर दोघांना एकच नाद होता, एक जपानी ॲनिमे. भाड्याच्या सीडीवर, पिवळी सबटायटल्स, आवाज डब्यातून आल्यासारखा. जमिनीखाली भलामोठा खड्डा. चिलखत घालून त्यात उतरणारी पोरं. आणि वर काठावर उभा पांढऱ्या कोटातला कमांडर.

प्रत्येकाला खाली धाडताना तो एकच वाक्य म्हणायचा, "खाली हवा चांगली आहे."

आम्ही टाळ्या वाजवायचो. काय स्टाइल आहे बे!

पुढे मी मोटर वाइंडिंग शिकलो, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्याने भरायचं काम, आणि दुकान टाकलं. सुगत ठेकेदाराकडे लागला, कारखान्यांच्या टाक्या साफ करायला. टाकीत उतरायच्या आधी मला फोन करायचा.

"कमांडर साहेब, खाली हवा चांगली आहे!"

"उतर बे, हिरो."

त्या दिवशीही फोन आला. मी नेहमीसारखंच "उतर बे" म्हणालो. कुठल्या कारखान्यात उतरून राहिला, ते विचारलंसुद्धा नाही.

गेल्या रविवारी दुपारी तीच सिरीज पुन्हा लावली. मुलीचा भारीतला हेडफोन घातला. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. चालू मोटरीला स्क्रूड्रायव्हर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि कोणतं बेअरिंग गेलं ते सांगतो.

त्या खड्ड्यावर एक मोठा पंखा आहे. अख्खा एपिसोड त्याची घरघर चालू असते. सीडीवर ती कधी ऐकूच आली नव्हती.

कमांडर तोंड उघडतो, त्याच्या एक क्षण आधी ती घरघर बंद होते.

मग तो म्हणतो, खाली हवा चांगली आहे.

मी तीनदा मागे घेऊन ऐकलं. हरामखोराला माहीत होतं. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

मलाही माहीत होतं.

सुगत गेला त्याच्या आदल्या दिवशी एका कारखान्याची ब्लोअर मोटर माझ्याकडे आली होती, जळालेली. टाकीत ताजी हवा सोडणाऱ्या ब्लोअरची. त्यांचा सुपरवायझर म्हणाला, "आराम से करना भाई, टंकी का काम अभी बंद है."

आमच्या धंद्याची रीत आहे. जुनं तांबं काढण्याआधी नेमप्लेटचा नंबर, वेढे, तारेचं गेज, तारीख, सगळं वहीत लिहायचं. नाहीतर नवी वाइंडिंग भरता येत नाही. मी लिहिलं. तांबं काढलं. मोटर रिकामी करून टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सुगत त्याच टाकीत गॅसने गेला.

संध्याकाळी सुपरवायझर धावत आला. "जैसी है वैसी दे दो."

मी दिली. पोटात तांब्याची एक तार नव्हती तिच्या.

चौकशीच्या कागदावर काय आलं? ब्लोअर चालू होता. कामगाराने मास्क लावला नाही. शोकसभेत तोच सुपरवायझर माझ्या शेजारी उभा राहून बोलला, "क्या करें भाई, अपनी गलती."

मी मान हलवली.

कारखाना मोठा होता, दर महिन्याला त्यांच्या मोटरी यायच्या. मी हुशार माणूस. हुशारीनेच दुकानाचं शोरूम झालं. थू त्या हुशारीवर.

आज सकाळी वही घेऊन प्रतिमा वहिनींकडे गेलो. सुगतची बायको. सगळं सांगितलं. वहिनी त्या मोटरीच्या पानावरच्या तारखेवर बोट ठेवून बसल्या.

"भाऊजी, तुमाले तवाच मालूम होतं?"

"हो."

"मी सहा वर्षं याच्या फोटोले शिव्या देऊन राहिली. मास्क कावून नाई लावला म्हून. रोज."

त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबरच केलं.

दारात आलो तेव्हा मागून म्हणाल्या, "त्या पानाचा फोटो टाका. आपल्या नावानं टाका."

टाकला आहे. खाली पाहा. अक्षर माझं आहे, तारीख खरी आहे. कारखान्याचं नाव इथे लिहीत नाही. वहिनी जिथे नेतील तिथे उभा राहून सांगीन, सही करून. मूळ वही त्यांच्याकडेच ठेवून आलो.

कृपा करून खाली "मास्क लावला असता तर" लिहू नका. हातही जोडू नका. जोडायचेच असतील तर वहिनींसमोर जाऊन जोडा. सहा वर्षं आपण सगळ्यांनी त्यांना तेच ऐकवलं.

सुगत, खाली हवा नव्हती. कुठे उतरतोस ते विचारून हे तुला फोनवरच सांगायला हवं होतं.

जय भीम, दोस्ता.