त्याने पुढे सरकवलेला पेला

संशय घ्यायला मला कुणी शिकवलं नाही, ते माझं अंगचंच. लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी गणित शिकवायचो. दर शनिवारी चाचणी असायची. दोन पोरांची बरोबर उत्तरं सारखी निघाली तर त्यात विशेष काही नाही. चुका सारख्या निघाल्या की मी पेन खाली ठेवायचो आणि दोघांनाही बोलावून घ्यायचो. त्या वर्षांत नांदेड, कंधार, देवणी, कुठून कुठून आईबाप ट्रंक आणि गादी घेऊन पोरांना लातुरात आणून सोडत होते. एवढ्या पोरांत माझा संशय सहसा वाया जात नसे, आणि त्याचा मला अभिमान होता. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही स्वर्गात गेलात तरी आधी दारावरच्या माणसाचं ओळखपत्र बघाल." मी म्हणायचो, बघायलाच पाहिजे.

आम्ही आजोबांपासूनचे ख्रिस्ती. आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, लहान, देऊळ त्याहून लहान, आणि देवळाच्या आवारात एक खोली. त्या खोलीत राहणारा वॉचमन हे माझ्या संशयाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक.

त्याची माझी पहिली गाठ भूकंपानंतरची. औशाच्या पुढं एका गावात मंडळीतर्फे आम्ही चादरी वाटत होतो. कुणी दोनदा घेऊ नये म्हणून मी प्रत्येकाच्या मनगटावर शाईची खूण करायचो. ती युक्ती माझीच. हा दुसऱ्यांदा रांगेत आला. मी मनगट धरलं. "पहिली चादर काय केलीस?"

"बायकोवर घातली."

"बायको कुठाय?"

त्यानं गावाबाहेर धूर निघत होता तिकडं बोट दाखवलं. मी चादर दिली. पण देताना दुसऱ्या मनगटावरही खूण केली. हे लिहिताना आजही मला माझ्या त्या पेनाची लाज वाटते.

पुढं चार-पाच वर्षांनी तो लातुरात आला आणि उपासनेला बसू लागला. कुणी बोलावलं नव्हतं. तेव्हा त्यानं स्वतःच सांगितलं की भूकंप झाला त्या पहाटे तो पिऊन शेताच्या बांधावर पडला होता, म्हणून वाचला. घरात बायको आणि दोन लेकरं होती. "दारूनं वाचिवलं, सर, आन् त्या दिसापासून दारूच खाऊन राहिली मला," तो म्हणाला. सगळ्यांचे डोळे भरले. मी मनात म्हणालो, गोष्ट चांगली आहे, पण एका गोष्टीवर किती दिवस जेवणार हा?

आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे पाद्रीबाबांनी, त्याला खोली दिली, वॉचमनचं काम दिलं. तो सहा महिने सुधारायचा, मग पडायचा. पडला की पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी, कुणीही उठून आपलं मन मोकळं करतं तेव्हा, उभा राहायचा, हात जोडायचा आणि म्हणायचा, "मी परत पडलो." एवढंच. मग सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करायचे. म्हाताऱ्या बाया त्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. मला वाटे, ही काय पद्धत झाली? पाप करायचं, उभं राहायचं, बसायचं. मी पाळकसाहेबांना म्हणालो, "साहेब, तुम्ही कृपा फार स्वस्त केलीत."

ते म्हणाले, "फुकट आहे ती, सर. कमावता आली असती तर तिला पगार म्हणालो असतो."

बोलायला ते हुशारच. पण मंडळीच्या कमिटीत मत माझंही होतं. पाचव्यांदा तो पडला तेव्हा मी ठराव मांडला की यापुढं एकदा जरी प्याला तर खोली सोडायची. ठराव पास झाला. त्याला बोलावून सांगितलं तर तो म्हणाला, "बराबर हाय." तो इतक्या सहज कबूल झाला, त्याचाही मला संशय आला.

त्यानंतर वर्ष गेलं. तो प्याला नाही. निदान सापडला नाही, असं मी म्हणायचो. उपासना संपली की मी मुद्दाम त्याला सलाम करायला जायचो आणि हात हातात घेऊन जरा जास्तच वाकायचो. त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास यायचा. आता बिडीही सोडलेला माणूस सारखी बडीशेप का खाईल? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "जेवण पचत नसेल." माझं मात्र त्या बडीशेपेनं पोट दुखायला लागलं.

आता प्रभुभोजनाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडं भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे काचेचे पेले ताटातून फिरतात. आम्ही सतरंज्यांवर बसतो, ताट हातोहात पुढं जातं. ज्याच्या मनात काही सलत असेल, कुणाशी भांडण, कसलं लपवलेलं पाप, तो पेला न घेता ताट पुढं सरकवतो. कुणी काही विचारत नाही. पण बघतात सगळे.

हा द्राक्षरस आम्ही घरीच करतो. काळे मनुके भिजत घालायचे, कुस्करायचे, उकळायचे, गाळून बाटलीत भरायचे. पूर्वी मंडळीतल्या एक वृद्ध विधवाबाई करायच्या. त्या पाणी वाढवतात असा मला संशय आला आणि ते काम मी माझ्याकडं घेतलं. शनिवारी संध्याकाळी करायचो, रविवारी न्यायचो. पण त्या मे महिन्यात प्रवेश परीक्षेचे जादा तास चालू होते. शनिवारी वेळ मिळायचा नाही, म्हणून मी मंगळवारीच रस करून ठेवला. लातूरचा उन्हाळा, त्यात लोडशेडिंग. फ्रीज नुसतं कपाट झालेलं. रविवारी देवळात मी बाटलीचं बूच काढलं तर ते थप्प करून उडालं आणि वर फेस आला. मला वाटलं, वा, ताजा आहे.

ताट फिरू लागलं. माझं लक्ष कुठं होतं ते सांगायला नको. ताट त्याच्यापाशी आलं. त्यानं पेला उचलला, नाकापाशी नेला आणि थांबला. त्यानं पेला ताटात परत ठेवला, ताट पुढं सरकवलं. मग तो उठून बाहेर गेला.

माझ्या मनात झालं, सापडला. खरं सांगतो, मला आनंद झाला. वर्षभर वाट पाहिलेली एस.टी. वळणावर दिसावी तसा.

गुरुवारी कमिटी बसली. मी सगळं मुद्देसूद मांडलं: बडीशेप, सरकवलेला पेला, उठून बाहेर जाणं. पाळकसाहेबांनी त्याला विचारलं, "प्यालास का?"

"न्हाई, सायेब."

"मग पेला का सरकवलास?"

एकदा माझ्याकडं बघितलं त्यानं, मग खाली. "मन न्हवतं," म्हणाला.

"मन का नव्हतं?" मी विचारलं.

"न्हवतं, सर."

गणितात पायऱ्या न दाखवता उत्तर लिहिणाऱ्या पोराला मी शून्य द्यायचो. इथंही दिलं. रविवारपर्यंत खोली सोडायची असं ठरलं. तो म्हणाला, "हाव," आणि चप्पल घालून निघून गेला.

शुक्रवारी दुपारी मी घरी जेवत होतो. बायकोनं उरलेल्या रसाची बाटली धुवायला काढली, बूच काढलं आणि बाटली लांब धरली. "अहो, हे काय केलंय तुम्ही? शिंदीच्या दुकानासारखा वास येतोय!"

मी उठून बोट लावून चाटलं. जीभ चुरचुरली. आणि मला एकेक गोष्ट आठवू लागली. रविवारी उडालेलं बूच. वर आलेला फेस. घोट घेताना पाळकसाहेबांच्या कपाळाला पडलेली आठी. रस आंबला होता तो काही आज नव्हे, रविवारीच. आम्हा पिढीजात न पिणाऱ्यांना तो नुसता आंबट लागला. अख्ख्या मंडळीत तो वास ओळखणारा माणूस एकच होता, आणि वर्षभर ज्याच्यापासून तो पळत होता ते मी ताटात घालून त्याच्या हातात दिलं होतं.

बायको म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत की हो."

जेवण तसंच राहिलं. पण माझा स्वभाव बघा. सायकल काढतानाही डोक्यात पहिला विचार आला तो हा: रस मी केला हे त्याला ठाऊक आहे, मग तो बोलला का नाही? काय डाव आहे?

खोलीत तो वळकटी बांधत होता. मी दारातूनच म्हणालो, "रस आंबला होता. तुला कळलं होतं."

"हाव."

"मग कमिटीत सांगितलं का नाहीस?"

तो सुतळीला गाठ मारत म्हणाला, "काय सांगू, सर? म्हाताऱ्या बायास्नी, समद्या मंडळीला कळलं असतं. ह्या मास्तरनं देवाच्या मेजावर दारू वाटली म्हणले असते. लई बोलले असते तुमाला."

"अरे, पण तुला घालवत होते!"

"मला सवय हाय बोलून घ्यायची. तुमाला न्हाई. तुमी कदी उभं राह्यला न्हाईत."

मी घाईघाईनं म्हणालो, आत्ता पाळकसाहेबांकडं चल, मी सगळं सांगतो, तू निर्दोष आहेस, ठराव लागूच होत नाही. मला ते गणित पटकन सोडवून टाकायचं होतं.

त्यानं वळकटी बाजूला सारली. "न्हाई, सर. काल प्यालो."

"काल?"

"कमिटीतून निघालो ते सरळ गेलो. वरीस झालं हुतं. त्या रविवारी वास आला तवा भायेर जाऊन हापशाखाली डोस्कं धरलं, बडीशेप चावली, टळलं. काल न्हाई टळलं." तो माझ्याकडं बघत नव्हता. "तुमचा ठराव बराबर हाय."

मी त्याला सोडवायला निर्दोषपणाचा कागद घेऊन गेलो होतो आणि तो कागद त्याला लागू नव्हता. तो दोषी होता. मीही होतो. शनिवारी वर्गात फळ्यावर लिहिताना माझा खडू दोनदा मोडला.

रविवारी साक्षीच्या वेळी तो उभा राहिला. हात जोडले. "मी परत पडलो," म्हणाला आणि बसला. कुणीतरी सुस्कारा टाकला. मग मी उठलो. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या आणि मला पहिल्यांदा कळलं, हा माणूस इतक्या वेळा कसा उठला असेल. त्याच्या त्या सोप्या वाटणाऱ्या साक्षीला मी स्वस्त म्हणालो होतो. मी रसाचं सांगितलं. कमिटीचं सांगितलं. आणि शेवटी, जे कुणाला कधीच कळलं नसतं तेही सांगितलं: "मी वर्षभर याच्या पडण्याची वाट बघत होतो. त्यानं पेला सरकवला तेव्हा मला आनंद झाला. माझा ठराव मी मागं घेतो. तुम्ही माझं काय करायचं ते ठरवा."

कुणीच काही ठरवलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, "बसा, सर," आणि मग, पहिला रविवार नसताना, त्यांनी प्रभुभोजन मांडायला सांगितलं. मी आदल्या दिवशी त्यांच्याकडं जाऊन रसाचं सगळं बोललो होतो. त्यांनी त्याच विधवाबाईंकडून रस करून घेतला होता. त्यांच्या हातचा तो रस कमिटीतल्या एकानेही चाखून पाहिला नव्हता, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. खोड इतक्या लवकर जाते का? वॉचमन पुढं आणखी दोनदा पडला, खोलीत राहिला, परत उठला. मी किती वेळा पडलो ते विचारू नका. माझ्या पडण्याला वास येत नाही.

त्या रविवारी ताट फिरत आलं. तो माझ्या डाव्या हाताला बसला होता. त्यानं आपला पेला घेतला आणि ताट माझ्यापुढं धरलं. माझं मन भरून आलं होतं, आपण ह्या पेल्याच्या लायकीचे नाही असं वाटत होतं, आणि मी ताट पुढं सरकवायला हात लावला. त्यानं ताट सोडलं नाही. घट्ट धरून ठेवलं.

"घ्या, सर. आपल्यासारख्यांसाठीच हाय ते."

मी पेला उचलला. आणि देवा, डोळ्यांत पाणी असताना, सगळी मंडळी बघत असताना, माझा हात सवयीनं आधी नाकाकडं गेला.

तो हळूच माझ्या कानाशी वाकला. "मी हुंगलाय, सर. चांगला हाय. प्या."