व्हेराझानोचा भाऊ

शांतारामरावांचं इटलीच्या खलाशांवर जितकं प्रेम होतं तितकं घरातल्या कुणावर नव्हतं, हे त्यांच्या बायकोला, शशिकलाबाईंना, लग्नानंतर लगेचच कळलं. दिवेलागणीला इतरांच्या घरी पाढे व्हायचे, यांच्याकडे भिंतीवरच्या नकाशासमोर उभं राहून खलाशी म्हणायचे. कोलंबस जिनोआचा, जहाजं स्पेनची. कॅबट व्हेनिसचा, जहाज इंग्लंडचं. चुकलं की तळहातावर छडी. बायकोलाही सूट नव्हती.

"राबायचं इटलीवाल्यांनी, झेंडा दुसऱ्याचा," असं ते दात खाऊन म्हणायचे. नागपूरहून भोपाळच्या सरकारी कचेरीत आलेल्या या माणसाला बढती मिळाली नाही, आणि तो राग त्याने आयुष्यभर घरात काढला. शशिकलाबाईंचा पुढचा दात त्यात गेला. मुलगा कौस्तुभ एकदा पोर्तुगालच्या मॅगेलनला इटलीचा म्हणाला, तेव्हा त्याचं बोट मोडलं, ते वाकडंच राहिलं. आई मार खायची तेव्हा तो दारात उभा राहून बघायचा. लहान होता, करणार काय? पण आता चाळिशी उलटली, भोपाळच्या सोनागिरीतलं घर त्याच्या पगारावर चालतं, तरी दार काही सुटलं नाही.

परवा नकाशासमोर त्याची आठ वर्षांची शमिका उभी होती.

"व्हेराझानो?" शांतारामरावांनी विचारलं.

"फ्लॉरेन्सचा. जहाज फ्रान्सचं. आगे का याद नाहीये, आजोबा."

"काहून नाही? हात पुढे कर."

पोरीने हात पुढे केला. कौस्तुभ दारातच होता.

पहिली छडी बसली आणि शशिकलाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. दुसरी बसायच्या आत त्यांनी छडी हिसकावली आणि नवऱ्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. म्हातारा खाली बसला तरी त्या थांबल्या नाहीत. खांद्यावर, पाठीवर, छडीचे तुकडे होईस्तोवर मारलं. मारताना त्यांना बरं वाटत होतं, अगदी मनापासून बरं.

मग धापा टाकत त्या शमिकाकडे वळल्या. "हात खाली घे. व्हेराझानो एका बेटावर उतरला. तिथल्या लोकांनी त्याला कापून खाल्लं. त्याचा भाऊ समोरच होडीत होता."

"मग भावाने काय केलं, आजी?"

शशिकलाबाईंनी कौस्तुभकडे पाहिलं.

"बघितलं," त्या म्हणाल्या.

कौस्तुभने पोरीला जवळ बोलावलं. ती आजीच्या मागे जाऊन उभी राहिली.