पडताळे सरांचं ‘दिसलं नाही’

सर कधी ‘नाही’ म्हणत नसत. शिपायाने विचारलं, कपाटात खडू नाहीत का सर, तर ते म्हणत, “मला दिसले नाहीत.” प्राचार्य आले नाहीत का, तर, “दिसले नाहीत.” वाशीमच्या आमच्या कॉलेजात याची यथेच्छ टिंगल चाले. वर्गात कोणी काही ठामपणे बोललं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, “पडताळा काय?” म्हणून मुलांनी त्यांचं नाव पडताळे सर ठेवलं. नव्याने लागलेल्या एका शिपायाला ते आडनावच वाटलं. त्याने खडूने वेळापत्रकाच्या फळ्यावर तसं लिहिलं आणि सरांनी ते पुसलं नाही. वर्षभर ‘तत्त्वज्ञान – पडताळे’ असंच राहिलं.

वडिलांची बँकेत बदली झाली म्हणून मी नागपूरहून तिथे आले होते. शाळा सगळी इंग्रजीतून झालेली. मराठी घरात बोलायची, पण चारचौघांत तोंड उघडलं की शब्द अडकायचे, म्हणून मी गप्प बसायला शिकले होते. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर ‘प्रत्यक्षार्थवाद’ असा भला लांब शब्द लिहिला, त्याखाली मराठी अक्षरांत ‘पॉझिटिव्हिझम’, आणि याचा अर्थ काय असावा म्हणून नेमकं मला उभं केलं. मला वाटलं, पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच होईल असं मानणं. मी म्हटलं, “आशावाद.” वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, “चूक आहे, पण बरं झालं, तुम्ही बोललात. या मतात आशेला जागा नाही. निराशेलाही नाही. जे समोर आहे, जे पाहता येतं, मोजता येतं, तेवढ्याबद्दलच बोलायचं.”

मग त्यांनी आम्हाला एक विहीर दिली. विहिरीत पाणी आहे का, एवढाच प्रश्न. चिद्वादी म्हणेल, पाणी म्हणजे अखेर मनातली कल्पना. संशयवादी म्हणेल, पाहिलं तरी डोळ्यांवर कसा विश्वास ठेवू? तिसरा म्हणेल, नशिबात असेल तर असेल. “आणि प्रत्यक्षार्थवादी?” सरांनीच पुढे सांगितलं, “तो बादली सोडतो.” ज्या वाक्यासाठी कुठेच बादली सोडता येत नाही, ते वाक्य त्यांच्या मते खोटं नव्हतं, नुसतं रिकामं होतं. आणि पाणी पिऊन कोणी ‘वा, काय गोड!’ म्हणालं, तर ते विधानच नव्हे. तो मनातून निघालेला उद्गार. त्याला खरं-खोटं लावायचं नाही.

सुलभा माझ्या शेजारी बसायची. रिसोडकडच्या शेतकरी घरातली, रोज एसटीने यायची आणि कोणाला घाबरायची नाही. तिने विचारलं, “मंग सर, तुमी देव नाई म्हन्ता का?” सर म्हणाले, “नास्तिक तसं म्हणतो. मी म्हणत नाही. ‘नाही’ म्हणायलाही बादली सोडावी लागते. ती कुठे सोडू, तेवढं तुम्ही सांगा.” सुलभा बसता बसता माझ्या कानात म्हणाली, “हा मानूस बायकोलेही पडताळा मांगन.” पण सरांना बायको नव्हती. घरात ते आणि त्यांची आई, दोघंच.

असा हा माणूस दर रामनवमीला पोहरादेवीला, बंजाऱ्यांच्या मोठ्या यात्रेला जायचा. मुलांना यात भलतीच गंमत वाटे. सर बौद्ध, त्यांच्या वाडीत विहार, वर्गात देवाला बादली मागणारे, आणि यात्रेला मात्र पहिल्या गाडीने हजर. कारण कोणी विचारलं नाही. मीही नाही.

ते कळलं त्यांच्या घरी. एक पुस्तक आणायला मी आणि सुलभा गेलो होतो. यात्रा नुकतीच संपली होती. सरांच्या आईने, आम्ही त्यांना आजी म्हणायला लागलो, आम्हाला ओट्यावर बसवून गुळाचा चहा दिला आणि न विचारता सगळं सांगितलं. तिचा धाकटा मुलगा किसन दुष्काळाच्या वर्षी कामाच्या शोधात घरातून गेला, तो परतला नाही. पुढे कोणीतरी येऊन सांगितलं की पोहरादेवीच्या गर्दीत त्याच्यासारखा एक जण पाहिला. तेव्हापासून सर दर यात्रेला जात, दिवसभर माणसांचे चेहरे पाहत आणि शेवटच्या गाडीने परत येत. आजी दारातच विचारायची, “दिसला का?” सर म्हणायचे, “नाई दिसला.”

“नाई दिसला म्हन्जे हाये,” आजी आम्हाला म्हणाली. “मेल्याचं कोनी पायलं का? नाई ना? मंग?” सर आत पुस्तक शोधत होते, त्यांना ऐकू जावं म्हणून तिने आवाज चढवला. “पोरी, एवढा मास्तर झाला हा, पन मले येक शब्द देत नाई. येईन तो, एवढंच म्हन म्हन्ते. नाई म्हनत.”

सर पुस्तक घेऊन बाहेर आले. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि आईकडे न बघता म्हणाले, “मले मालूम नाई, माय. मालूम नाई ते कसं म्हनू?” मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता. एक शब्द देण्यात काय जात होतं? पण रस्त्याने येताना वाटलं, हा माणूस ‘येईल’ म्हणत नाही, तसा ‘गेला’ असंही म्हणत नाही. शेजारीपाजारी, भाऊबंद, सगळ्यांनी किसनचा हिशेब केव्हाच संपवला होता. सरांनी एकट्याने तो उघडा ठेवला होता, आणि त्यासाठी दर वर्षी दिवसभर उन्हात उभे राहत होते.

पुढच्या हिवाळ्यात आजीने अंथरूण धरलं. कॉलेज सुटलं की सुलभा आणि मी तिच्याजवळ बसत असू. शेवटी शेवटी ती माणसं ओळखेनाशी झाली, पण किसनचं विसरली नाही. एका दुपारी तिने सरांचा हात धरला आणि लहान मुलीसारखं विचारलं, “किसन्या काहून नाई आला रे आजून?”

मी सरांकडे पाहिलं. त्यांचं नेहमीचं उत्तर मला पाठ होतं, आणि ते त्यांनी देऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. ते खाली वाकले. म्हणाले, “येऊन राह्यला, माय. जऊळक्याच्या स्टेशनात उतरला. येऊन राह्यला तो.”

आजी हसली. सुलभाने पाणी पुढे केलं, ते प्यायली. मग म्हणाली, “मंग त्याच्यासाठी भाकर झाकून ठेव. चालत येईन तो, भूक लागन त्याले.” सर उठले आणि स्वयंपाकघरात गेले. भांड्यांचा आवाज आला. त्यांनी खरोखर एक भाकर ताटलीत ठेवून झाकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी गेली.

पंधरवड्याने सर वर्गावर आले. तास संपला, मुलं गेली, मी मागे राहिले. इतक्या दिवसांत मी त्यांना आपणहून एकही प्रश्न विचारला नव्हता. “सर, तुम्ही आजींना जे म्हणालात…” एवढंच मी म्हटलं. पुढचं त्यांना न सांगताच कळलं.

“ते विधान नव्हतं,” ते म्हणाले. “विधान असतं तर खोटं ठरलं असतं.” आणि पाठ फिरवून फळा पुसत राहिले. फळा आधीच कोरा होता.

त्या चैत्रात वडिलांची परत नागपूरला बदली झाली. मी माझ्या परीक्षेसाठी थांबले होते. ती संपवून निघाले तो दिवस नेमका रामनवमीचा. सुलभा मला एसटी स्टँडवर सोडायला आली होती. पोहरादेवीच्या गाडीपाशी ही गर्दी, आणि त्या गर्दीत खांद्याला पिशवी लावून सर उभे. सुलभाला राहवलं नाही. “सर, आता काहून जाता? आता घरी इचारनारं कोन हाये?”

आमच्याशी ते नेहमी पुस्तकी मराठीत बोलत. त्या दिवशी मात्र घरच्या बोलीत म्हणाले, “कोनीच नाई. इतकी वर्सं मायसाठी पाह्यलं. आता मलेच पाहाचा हाये तो.”

गाडी भरली. ते कसेबसे आत शिरले, खिडकीजवळ आले. सुलभाने खालून ओरडून विचारलं, इतक्या वर्षांनी त्याला ओळखणार कसं? सर म्हणाले, लोक म्हणायचे दोघं भाऊ एकाच चेहऱ्याचे आहेत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि नागपुरात गर्दी खूप असते, असा चेहरा दिसला तर कळवा, एवढंच म्हणाले. मी मान डोलावली आणि गाडी निघाली.

सुलभाचं लग्न झालं. तिनेच कळवलं की सरांनी कॉलेज सोडलं. कुठे गेले, ते तिलाही ठाऊक नाही. नागपुरात यात्रा असो, सभा असो, सुटलेली कचेरी असो, मी थांबते आणि माणसं पाहते. तो चेहरा शोधते. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या मनात किसन नसतो.